बिनपगारी हातांनी उभी राहिलेली शाळा : हॅमिल्टनचं चर्च कॉलेज

वायकाटोकाठची

नमस्कार मंडळी. आम्ही न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला राहतो. गावाच्या नैऋत्येला, घरं संपून गायींची कुरणं सुरू होतात तिथे, एका टेकडीवर पांढरंशुभ्र मंदिर आहे. मॉर्मन पंथाचं. वस्तीचं नावही त्यावरूनच पडलंय, टेम्पल व्ह्यू. आल्यापासून लांबून बघत होते, पण टेकडीच्या पायथ्याशी पन्नास वर्षं एक मोठी निवासी शाळा होती, हे मला शेजारच्या आंटींमुळे कळलं. (माओरी म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी. इथे वयाने मोठ्या माओरी बाईला सगळेच आंटी म्हणतात. आमच्या आंटी सत्तरी ओलांडलेल्या आहेत.)

शाळेचं नाव चर्च कॉलेज ऑफ न्यूझीलंड. इथे कॉलेज म्हणजे आपली माध्यमिक शाळा, साधारण तेरा ते अठरा वयाची मुलं. १९५८ च्या फेब्रुवारीत वर्ग भरायला लागले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आधी टेकडीवरच्या मंदिराचं आणि मग सहा दिवसांनी, २६ एप्रिलला, शाळेचं समर्पण झालं. त्यासाठी पंथाचे त्या वेळचे अध्यक्ष डेव्हिड ओ. मॅके स्वतः अमेरिकेहून आले होते. आणि २००९ च्या शेवटी शाळा बंद झाली.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. ही शाळा कंत्राटदाराने बांधलेली नाही. आंटींचे वडील नॉर्थलंडमधून बायको-मुलांसकट इथे आले आणि बांधकामावर राबले. पगार नाही. हातखर्चाला आठवड्याचे थोडे शिलिंग, राहायला झोपडीवजा खोली, आणि जेवण सगळ्यांचं एकत्र. अशी शेकडो माणसं होती, बहुतेक तरुण माओरी. त्यांना 'लेबर मिशनरी' म्हणत, म्हणजे श्रमाने सेवा करणारे. पंथाचे बाकीचे मिशनरी दारोदार जाऊन उपदेश करतात, यांनी त्याऐवजी सिमेंटच्या विटा पाडल्या. हे ठोकळे जागेवरच बनवायचे, कारण युद्धानंतरच्या त्या दिवसांत न्यूझीलंडमध्ये बांधकामाचं सामान मिळणं मुश्कील होतं. लाकूड कापायची गिरणीही त्यांचीच. वर मंदिरही याच माणसांनी, याच ठोकळ्यांनी बांधलं. दक्षिण गोलार्धातलं या पंथाचं ते पहिलं मंदिर. त्याआधी इथल्या माणसांना मंदिरातल्या विधींसाठी बोटीने हवाईला जावं लागे. त्यासाठी लोक शेत विकायचे, असं आंटी सांगतात.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर तिथे गेले. एका हिरवळीपाशी थांबून त्यांनी हाताने जमिनीवर रेघ ओढल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, इथपासून तिथपर्यंत मुलींचं वसतिगृह. तिथे आता गवत आहे. त्यानंतर मला जे मिळेल ते वाचत गेले. कुणाला रस असेल तर पुढचं लिहिते.

चैत्रपालवी

रस आहे, लिही. हॅमिल्टनला मी दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा लोकांनी बागा दाखवल्या. या शाळेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

कोरा_कागद

छान विषय. दोन बाळबोध प्रश्न. मॉर्मन म्हणजे तेच ना, ज्यांच्यात अनेक बायका करायची चाल होती? आणि अमेरिकेतल्या युटाचा पंथ माओरी लोकांमध्ये इतका कसा रुजला? इंग्रजांची वसाहत म्हटल्यावर मला तिथे अँग्लिकन आणि कॅथलिक एवढेच अपेक्षित होते.

वायकाटोकाठची

@कोरा_कागद, बाळबोध कशाला. मलाही हेच पडले होते.

बहुपत्नीत्वाची चाल होती. पंथाने ती १८९० साली अधिकृतपणे सोडली, आणि आज कुणी तसं लग्न केलं तर त्याला पंथातून काढतात. दुसरी गोष्ट, त्यांचं पूर्ण नाव चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स असं आहे, आणि २०१८ पासून पंथाचा आग्रह आहे की पूर्ण नावच वापरावं. इथे वाचताना ओळख पटावी म्हणून मी मॉर्मन लिहितेय. आंटींना विचारलं, त्यांची हरकत नाही.

माओरींचं म्हणाल तर अँग्लिकन लोक आधी आले होते हे खरंच. पण १८६० च्या दशकातल्या युद्धांत आणि जमिनी जप्त करण्याच्या काळात बऱ्याच माओरींचा त्या मिशनऱ्यांवरचा विश्वास उडाला. १८८० च्या दशकात अमेरिकेचे पोरसवदा मॉर्मन मिशनरी आले. ते माओरी वस्तीतच राहायचे, त्यांच्यात जेवायचे, भाषा शिकायचे. पंथाच्या ग्रंथाचं माओरी भाषांतर १८८९ मध्ये छापूनही झालं. आपल्या पूर्वजांना, वंशावळीला, समुद्र ओलांडून आलेल्या आपल्या गोष्टीला या धर्मात जागा आहे असं लोकांना वाटलं. वंशावळ पाठ असणं ही माओरींची जुनी रीत, आणि या पंथातही पूर्वजांच्या नोंदी ठेवणं हे धर्मकृत्य मानतात. मला वाटतं हा सांधा फार महत्त्वाचा आहे.

आता शाळेकडे. ही त्यांची पहिली शाळा नव्हे.

१९१३ साली हॉक्स बे भागात, हेस्टिंग्जजवळ, पंथाने माओरी ॲग्रिकल्चरल कॉलेज काढलं होतं. मुलांची निवासी शाळा, अभ्यासाबरोबर शेती आणि गुरं. जॉर्ज नेपिया हे नाव इथे लहान पोरांनाही माहीत असतं. १९२४-२५ च्या ऑल ब्लॅक्सच्या, म्हणजे न्यूझीलंडच्या रग्बी संघाच्या, दौऱ्यात हा एकोणीस वर्षांचा मुलगा सगळेच्या सगळे ३२ सामने खेळला आणि संघ एकही हरला नाही. तो याच शाळेतला.

३ फेब्रुवारी १९३१ ला सकाळी पावणेअकराच्या सुमारास हॉक्स बेचा भूकंप झाला. तीव्रता ७.८, मृत्यू २५६. न्यूझीलंडच्या इतिहासात त्याहून जास्त माणसं दुसऱ्या कुठल्याच भूकंपात गेली नाहीत. नेपिअर आणि हेस्टिंग्ज ही गावं आडवी झाली, शाळेच्या इमारती निकामी झाल्या. जागतिक मंदीचे दिवस होते. शाळा पुन्हा उभी केली नाही.

म्हणजे १९३१ ते १९५८, सत्तावीस वर्षं, या समाजाकडे स्वतःची शाळा नव्हती. आंटींच्या वडिलांची पिढी बरोबर या फटीत सापडली. ते लवकर शाळा सोडून शेतमजुरीला लागले होते. त्या काळी माओरी मुलांच्या सरकारी शाळांत शिकवणं इंग्रजीतून चाले, आणि आपली भाषा बोललं म्हणून छडी खाल्लेली माणसं इथे अजून भेटतात. आंटींच्या वडिलांनीही खाल्ली होती. लेकरांसाठी आपली शाळा हवी, या ओढीने ते फावडं घेऊन आले.

दगडूची_लेक

शेवटचा परिच्छेद वाचून थांबले. माझ्या वडिलांच्या गावची शाळा अशीच श्रमदानाने उभी राहिली. घरटी एक माणूस, आठवड्यातून एक दिवस. आजोबांनी नदीतून रेती वाहिली, बैलगाडी आमचीच होती. ते अक्षरशत्रू होते. पण शाळेवरून जाताना एका ठरावीक कोपऱ्याला हात लावून जायचे, तो कोपरा त्यांनी रचला होता म्हणून. माझ्या वडिलांनी ही गोष्ट इतक्यांदा सांगितलीय की आजोबांचा हात मला त्या भिंतीवर दिसतो.

तुमच्या आंटींनी जमिनीवर रेघ ओढली, ते मला दिसलं.

मिठाचं_सरोवर

मी सॉल्ट लेक सिटीत, म्हणजे युटातल्या या पंथाच्या मुख्यालयाच्या गावात, सहा वर्षं काढली. पंथाची नाही, पण शेजार सगळा त्यांचाच होता. शाळा बंद का केली असेल याचा धागा थोडा मागे जातो, तेवढी भर घालते.

युटामध्ये १८८० च्या दशकाच्या शेवटी सरकारी शाळा धर्मशिक्षणापासून वेगळ्या झाल्या. तेव्हा पंथाने जागोजागी आपल्या माध्यमिक शाळा काढल्या, त्यांना अकॅडमी म्हणत. लोकांनी धान्य, लाकूड, गुरं देऊन त्या चालवल्या. पुढे सरकारी हायस्कुलं वाढली. एकाच गावात दोन शाळा, आणि कर भरून वर चर्चच्या शाळेचाही खर्च. १९२० च्या आसपास पंथाने ठरवलं की बहुतेक अकॅडम्या बंद करायच्या किंवा सरकारकडे सोपवायच्या. काहींची पुढे कॉलेजं झाली आणि १९३० च्या दशकात तीही राज्याकडे गेली.

शाळा गेल्यावर धर्मशिक्षणाचं काय? त्याचं उत्तर १९१२ मध्येच सापडलं होतं. सॉल्ट लेकमधल्या ग्रॅनाइट हायस्कूलच्या शेजारी पंथाने छोटी इमारत बांधली. मुलं एका तासाला सरकारी शाळेतून उठून तिथे जायची आणि परत यायची. त्याला सेमिनरी म्हणतात. जिथे शाळेच्या वेळात जमत नाही तिथे पहाटे. माझ्या शेजारची पोरं हिवाळ्यात सहाच्या आधी बर्फातून निघायची, मी खिडकीतून बघायचे.

तर त्यांचं गणित तेव्हापासून ठरलेलं आहे. सरकारी शिक्षण जिथे पोचत नाही तिथे शाळा काढायची, आणि ते पोचलं की आपण मागे सरायचं. धर्मापुरती सेमिनरी ठेवायची.

आणि हे बघा. १९२० च्या त्या निर्णयाच्या वेळी पंथाचे शिक्षण आयुक्त कोण होते? डेव्हिड ओ. मॅके. तेच, ज्यांनी १९५८ ला तुमच्या हॅमिल्टनची शाळा समर्पित केली. ते मूळचे शिक्षक, ऑग्डेनच्या वेबर अकॅडमीचे मुख्याध्यापक होते.

वायकाटोकाठची

@मिठाचं_सरोवर, मनापासून आभार! हा दुवा मला लागला नव्हता. मॅके १९२१ मध्ये न्यूझीलंडलाही आले होते. पंथाच्या जगभरच्या शाखा आणि शाळा बघत वर्षभर फिरत होते, त्यात हंटलीला हुई ताउ झाला, म्हणजे माओरी सभासदांचा वार्षिक मेळावा, त्याला हजर राहिले. हंटली इथून गाडीने अर्ध्या तासावर आहे. मेळाव्याला आलेली माणसं तंबूंत राहायची, सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र. म्हणजे चौतीस वर्षांनी, १९५५ मध्ये, ते पुन्हा आले आणि मंदिराची जागा पक्की झाली, तेव्हा ते या लोकांना ओळखत होते. हे मला फार मोलाचं वाटतं.

तिसरा_प्रहर

धागा उत्तम आहे, पण मला एक गोष्ट खटकतेय आणि ती बोलल्याशिवाय राहवत नाही.

एका श्रीमंत अमेरिकन धर्मसंस्थेने गरीब आदिवासी तरुणांकडून वर्षानुवर्षं बिनपगारी काम करून घेतलं. त्याला सेवा हे नाव दिलं. जमीन संस्थेच्या नावावर, इमारती संस्थेच्या. पन्नास वर्षांनी हिशेब बसला नाही तेव्हा तिकडे निर्णय झाला आणि इथे कुलूप लागलं. ज्यांनी बांधलं त्यांना मत होतं का? 'श्रमदान' हा शब्द आपण प्रेमाने वापरतो, पण दान घेणारा कोण आणि त्या दानाचं पुढे काय करणार, हे दात्याला विचारता आलं पाहिजे. @दगडूची_लेक यांच्या गावची शाळा गावाचीच राहिली असेल. इथे तसं झालेलं दिसत नाही.

रापी

+१ तिसरा_प्रहर. वेठबिगार आणि सेवा यांच्यातली रेघ बारीक असते.

वायकाटोकाठची

@तिसरा_प्रहर, @रापी, तुमचा प्रश्न मी जवळजवळ याच शब्दांत आंटींना विचारला. विचारायला तीन आठवडे लागले, कारण दुखावतील याची भीती होती.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग सांगू लागल्या. वडील इथे आले तेव्हा त्यांना कुदळ-फावड्यापलीकडे काही येत नव्हतं. गेले तेव्हा गवंडीकाम येत होतं. अमेरिकेहून आलेले कुशल कारागीर, तेही कुटुंबं घेऊन आलेले, या पोरांना हाताशी धरून शिकवायचे. सुतारकाम, नळकाम, विजेचं काम, रंगकाम. बांधकामाचे प्रमुख होते जॉर्ज बीसिंजर, आणि पॅसिफिकमधल्या सगळ्याच बांधकामांची सूत्रं वेंडेल मेंडेनहॉल यांच्याकडे होती. आंटींच्या वडिलांनी पुढे आयुष्यभर त्या हुनरावर घर चालवलं. त्यांच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत हीच कथा. ही पद्धत आधी पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवर लिआहोना शाळेच्या बांधकामावर सुरू झाली होती. इथे ती पक्की झाली आणि पुढे १९६० च्या दशकात पंथाने ती युरोपपर्यंत नेली.

बायकांचं काम मात्र कुठल्या यादीत येत नाही, हे आंटींनी स्वतःहून सांगितलं. त्यांची आई रोज शेकडो माणसांच्या रांधपात असायची. गावोगावच्या सभासदांकडून मांस, बटाटे, कुमारा म्हणजे रताळी यायची. कपडे धुणं, आजारपणं, पोरं सांभाळणं सगळं सामायिक. आंटी तीन-चार वर्षांच्या होत्या. त्यांची पहिली आठवण म्हणजे ओल्या सिमेंटचा वास.

तेव्हा वेठ म्हणू नका, असं त्या म्हणाल्या. कुणी धरून आणलं नव्हतं. पण बंद करताना मत विचारलं का, या प्रश्नावर त्या मान हलवून गप्प बसल्या. माझं स्वतःचं मत तुमच्या बाजूला झुकतं. त्यांना फसवलं असं मला वाटत नाही. पण ज्यांनी भिंत रचली त्यांना भिंत पडण्याआधी विचारायला हवं होतं, हे मी आंटींसमोरही बोलले आहे.

एक भर. या सगळ्याची मुळं युद्धाच्या काळात आहेत. १९४० मध्ये पंथाने सगळे अमेरिकन मिशनरी परत बोलावले. मागे राहिले ते मिशनप्रमुख मॅथ्यू काउली आणि त्यांचं कुटुंब. काउली १९१४ साली सतरा वर्षांचे असताना इथे पहिल्यांदा आले होते आणि माओरी अशी बोलायचे की लोक त्यांना आपलाच मानत. युद्धाची वर्षं सभा, मेळावे, वर्गणी सगळं माओरी सभासदांनीच चालवलं. आपण करू शकतो हा विश्वास तिथून आला असावा. काउली १९५३ मध्ये वारले, शाळा पुरी झालेली त्यांना बघायला मिळाली नाही.

मेस्टिसा_पुणेकर

सहसा वाचनमात्र असते, पण आज राहवलं नाही.

नवऱ्याच्या नोकरीनिमित्त आम्ही मेक्सिको सिटीत होतो. तिथे याच पंथाची याहून मोठी शाळा होती, बेनेमेरितो दे लास आमेरिकास. नाव बेनितो हुआरेस यांच्या पदवीवरून ठेवलेलं. हुआरेस हे तिकडचे मूळनिवासी वंशातून आलेले राष्ट्राध्यक्ष, आणि त्यांचा मान आपल्याकडे महात्मा फुल्यांचा आहे तसा मानावा. १९६४ ला सुरू झाली. देशभरातून, खेड्यापाड्यातून मुलं यायची आणि आवारातल्या छोट्या घरांमध्ये राहायची. एकेका घराला सांभाळायला एक जोडपं असे. म्हणजे वसतिगृह कमी आणि कुटुंब जास्त.

ती २०१३ मध्ये बंद झाली. कारण निराळं होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये पंथाने मिशनवर जायचं किमान वय कमी केलं, मुलांना अठरा आणि मुलींना एकोणीस. अर्जांचा पूर आला, प्रशिक्षणाला जागा पुरेना. जानेवारीत जाहीर झालं की शाळा जाणार आणि तिथे मिशनऱ्यांचं प्रशिक्षण केंद्र होणार. उन्हाळ्यात शेवटची तुकडी बाहेर पडली. सहा महिने सुद्धा मिळाले नाहीत. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी शेवटून दुसऱ्या वर्गात होती. तिला मध्येच दुसरी शाळा शोधावी लागली. त्या आठवड्यात बाई भांडी घासताना अधूनमधून थांबायच्या.

@मिठाचं_सरोवर यांनी सांगितलेलं सूत्र मला पटतं, पण मेक्सिकोत सरकारी शिक्षण सगळीकडे सारखं पोचलंय असं मला तिथे राहून वाटलं नाही.

मिठाचं_सरोवर

खरं आहे, पोचलं कधी म्हणायचं हे कोण ठरवणार हाच प्रश्न आहे. पंथाच्या बाजूचं एवढं सांगते की २००१ पासून त्यांनी गरीब देशांतल्या तरुण सभासदांना शिक्षणासाठी कर्ज देणारा निधी सुरू केला. शिकून कमवायला लागलं की फेडायचं, त्यातून पुढच्याला मिळतं. एका आवारावर खर्च करण्यापेक्षा तो पैसा जास्त मुलांपर्यंत जातो, असा त्यांचा विचार. मला हा विचार चुकीचा वाटत नाही. मात्र शाळा फक्त शिक्षण देत नाही, आपल्यासारखी हजार पोरं एका जागी आणते. ते कर्जातून मिळत नाही.

आणि सगळ्या बंद नाही झाल्या. टोंगाची लिआहोना चालू आहे, सामोआ, किरिबाती, फिजीतही आहेत. मेक्सिकोच्याच चिवावा राज्यात हुआरेस अकॅडमी १८९७ पासून आहे. बहुपत्नीत्वावरून अमेरिकेत धरपकड सुरू झाली तेव्हा सीमा ओलांडून गेलेल्या मॉर्मनांनी ती वसाहत केली होती. १९१२ मध्ये मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत सगळ्यांना घरदार सोडून पळावं लागलं, काही परत आले आणि शाळा पुन्हा भरली. अजून भरते.

जुना_बाजार

अवांतर, पण आपल्या लोकांना रस वाटेल म्हणून. ह्यू फिंडले नावाचे मॉर्मन मिशनरी १८५२ मध्ये मुंबईला उतरले आणि तिथून पुण्याला आले. लष्करी छावणीत राहायला परवानगी मिळेना. तरी त्यांनी पुण्यात मूठभर लोकांची शाखा काढली, त्यात बहुतेक युरोपियन आणि अँग्लो-इंडियन. तीनेक वर्षांत सगळं आटोपलं. त्याच दशकात महात्मा फुल्यांच्या शाळा त्याच गावात चालू होत्या, आणि स्कॉटिश व अमेरिकन मिशनच्या शाळा आपल्याकडे रुजल्या. फिंडले मात्र उपदेशावर भर देऊन होते. माओरींमध्ये मॉर्मन राहिले, जेवले, शाळा काढली. पुण्यात त्यांना राहायलाच जागा मिळाली नाही. फरक तिथेच पडला असावा, असं मला वाटतं.

चैत्रपालवी

बापरे, पुण्यात! वाचनखूण साठवली.

कोरा_कागद

@वायकाटोकाठची, शाळेतले दिवस कसे होते ते सांगाल का? आतापर्यंत बांधणं आणि मोडणं आलं, मधली पन्नास वर्षं राहिली.

तिसरा_प्रहर

हो, तेच वाचायचं आहे. माझा मुद्दा कायम आहे, पण आंटींचं उत्तर दोनदा वाचलं. वेठ हा शब्द मी वापरला नव्हता, तरी माझ्या लिहिण्याचा रोख तोच होता, हे मान्य करतो. गवंडीकाम हातात घेऊन माणूस बाहेर पडला हे मी धरलंच नव्हतं.

वायकाटोकाठची

@तिसरा_प्रहर, आंटींना वाचून दाखवेन हे.

मधली पन्नास वर्षं. आंटी १९६० च्या दशकाच्या शेवटी तिथे शिकल्या. गाव लांब, म्हणून वसतिगृहात. वर्गात माओरी, पाकेहा म्हणजे गोरे, आणि टोंगा, सामोआ, कुक बेटांवरची मुलं. पंथाबाहेरची मुलंही असायची. सरकारी अभ्यासक्रम आणि सरकारी परीक्षा, त्यात रोज एक तास धर्माचा. चहा-कॉफी नाही, सिगारेट-दारूचा तर प्रश्नच नाही. त्यांच्या पंथाचा तो नियमच आहे. रविवारी सभा, सोमवारी संध्याकाळी घरच्यासारखं एकत्र बसणं.

रग्बी अर्थातच. सिड गोइंग हे ऑल ब्लॅक्सचे नामांकित हाफबॅक याच शाळेत होते. आणि कापा हाका, म्हणजे माओरी नाच-गाणं. वडिलांना ज्या भाषेसाठी छडी बसली होती ती भाषा मुलगी शाळेच्या सभागृहात हजार माणसांसमोर गात होती. हे सांगताना आंटींनी मला गाऊन दाखवलं. मला शब्द कळले नाहीत, पण मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

सगळं गोड नव्हतं, तेही त्यांनी सांगितलं. घरची आठवण यायची. शिस्त कडक. इंग्रजी बोलण्यात मागे पडणारी बेटांवरची मुलं पहिल्या वर्षी रडायची, त्यांना आंटी आणि त्यांच्या मैत्रिणी रात्री वाचून दाखवायच्या. पुढे आंटींची तिन्ही मुलं तिथेच शिकली.

जून २००६ मध्ये बंद होणार असं जाहीर झालं. कारण हेच, की न्यूझीलंडमध्ये सरकारी शाळा चांगल्या आहेत, चर्चने वेगळी चालवायची गरज राहिली नाही. लगेच कुलूप नाही लावलं, टप्प्याटप्प्याने नेलं. दरवर्षी खालचा वर्ग रिकामा, वरची मुलं एक पायरी वर. आंटींची नात तेव्हा प्राथमिक शाळेत होती, तिची पाळी आलीच नाही. इथल्या कॅथलिक शाळांनी १९७५ च्या कायद्याखाली सरकारशी करार केला. इमारत आणि धर्माचं वातावरण त्यांचं, मास्तरांचा पगार सरकारचा. चर्च कॉलेज त्या वाटेने गेलं नाही, शेवटपर्यंत खासगीच राहिलं. गेलं असतं तर वाचलं असतं का, याची चर्चा माजी विद्यार्थ्यांमध्ये अजून होते. मला वाटतं वाचलं असतं. पण मग ते सॉल्ट लेकच्या हातात पूर्ण राहिलं नसतं.

२००९ च्या अखेरीस शेवटचा दिवस. जुने विद्यार्थी देशोदेशींहून आले. आजोबा, मुलगा, नातू एका रांगेत हाका नाच करत होते. आंटी त्या दिवशी गेल्या नाहीत. वडील तोवर वारले होते, आणि त्यांच्याशिवाय तिथे उभं राहवणार नाही असं त्यांना वाटलं. आता पस्तावतात.

दगडूची_लेक

आणि आता तिथे काय आहे? सगळं पाडलं?

वायकाटोकाठची

सगळं नाही. बऱ्याच इमारती पाडल्या, आणि त्यावरून गावात मोठा विरोध झाला. माजी विद्यार्थी, वारसा जपणारे लोक, पंथातलेही आणि बाहेरचेही, नगरपालिकेच्या सुनावण्यांपर्यंत गेले. भूकंपाच्या दृष्टीने जुन्या इमारती सुरक्षित नाहीत, दुरुस्तीचा खर्च फार, असं चर्चचं म्हणणं. हॉक्स बेची आठवण असलेल्या देशात हा मुद्दा हलका नाही, हे मला मान्य आहे. तरी वर्गखोल्या पडल्या तेव्हा लोक कुंपणाबाहेर उभे राहून रडले. काही वास्तू राखल्या, नीट केल्या. मोकळ्या जागेत नवी घरं होत आहेत. काउलींच्या नावाचं इतिहास-संग्रहालय काढलंय, त्यात लेबर मिशनऱ्यांची हत्यारं आणि फोटो आहेत. टेकडीवरचं मंदिर २०१८ मध्ये दुरुस्तीला घेतलं ते ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा उघडलं.

त्या संग्रहालयात आम्ही गेलो होतो. एका फोटोत विटा पाडणाऱ्या माणसांची रांग आहे, बनियनवर, धुळीने पांढरी झालेली. आंटींनी डावीकडून मोजत बोट नेलं आणि एका चेहऱ्यावर थांबवलं. फोटोखाली नावं नाहीत. मी तिथल्या बाईंना विचारलं, त्यांनी लगेच वही आणली आणि आंटींकडून वडिलांचं नाव, गाव, इवी म्हणजे कूळ, सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, बाजूच्या माणसांपैकी कुणाला ओळखता का? आंटींनी आणखी चार नावं सांगितली. पाचव्याचं आडनाव आठवेना. परवा रात्री दहाला त्यांचा फोन आला. आडनाव आठवलं होतं. येत्या शनिवारी ते लिहून घ्यायला आम्ही पुन्हा जातोय.